शिंकेची पाटी

काही वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या भाजीबाजारात एका बाईंनी शेवंतीची वेणी उचलली आणि थेट नाकाला लावली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हुंगू नका!" त्यांनी दचकून वेणी खाली ठेवली, माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि म्हणाल्या, "देवाचं फार करता वाटतं तुम्ही?"

आता काय सांगणार? मी देव मानत नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, मी उपास करत नाही, आणि कुणी प्रसाद दिला तर खायचा पदार्थ म्हणून खाते. त्यात माझं पोट चालतं ते नाकावर. अंबडच्या एमआयडीसीत सुगंध बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथे मी वास घेण्याची नोकरी करते. एवढं सगळं हातात भाजीच्या पिशव्या घेऊन सांगणं काही शक्य नव्हतं. मी "हो" म्हणाले, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि स्वतःवर चरफडत घरी आले.

मी अशी का आहे, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमचा मळा पाथर्डीच्या बाजूला होता, घरही मळ्याच्या कडेलाच. मी शाळेत होते तेव्हा इंदिरानगर अजून लांब होतं. नंतर ते दरवर्षी थोडं थोडं आमच्या बांधाकडे सरकत आलं. आम्ही फुलं पिकवायचो. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब आणि सगळ्यात जास्त गुलछडी. गुलछडीला निशिगंध म्हणतात हे मला शाळेतल्या बाईंकडून कळलं, आणि दादांना सांगितलं तेव्हा त्यांना ते नाव अजिबात आवडलं नाही. दादा म्हणजे माझे वडील. पहाटे तोडा करायचा, पाट्या सायकलला बांधायच्या आणि उजाडता उजाडता फूलबाजार गाठायचा, हा त्यांचा जन्माचा रिवाज.

मळ्यात एक नियम होता. तोडलेलं फूल हुंगायचं नाही. हुंगलेलं फूल उष्टं, ते देवाला चालत नाही. हे बऱ्याच घरांत म्हणतात, पण ते पूजेच्या ताटातल्या फुलांबद्दल. दादांनी तो नियम अख्ख्या मळ्याला लावला होता. एकदा मी विचारलं होतं, "दादा, सगळी फुलं कुठे देवाला जातात? काही तर पुढाऱ्यांच्या गळ्यात जातात."

"जात्यात ना," दादा म्हणाले. "पन कोन्तं फूल कुठं जाणार, हे तुला ठावं हाय? मला नाय. म्हणून समदी देवाचीच समजायची."

या तर्काला मला आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही, आणि त्याचा मला राग येतो.

तर तोडा करताना पाटी कमरेवर घ्यायची आणि तोंड बाजूला वळवायचं. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या माना डावीकडे वाकड्या आहेत, असं आत्या चिडवायची. वास यायचाच, गुलछडीच्या वाफ्यात उभं राहिल्यावर तो येणार नाही तर काय! पण वास आपल्या पायांनी आला तर हरकत नाही, आपण त्याच्याकडे जायचं नाही, असा दादांचा बारीक कायदा होता. फुलांच्या घरात वाढून मी एकही फूल जवळून हुंगलेलं नव्हतं. लोकांना हे खोटं वाटतं. मिठाईवाल्याची मुलं मिठाईला तोंड लावत नाहीत हे मात्र लगेच पटतं.

या कायद्याला एक पोटकलम होतं. पाटीवर कुणी शिंकलं तर ती पाटी बाद. ती बाजारात जायची नाही. तिला घरात 'शिंकेची पाटी' म्हणायचे. दादा स्वतः शिंकले तरी सुटका नव्हती. त्यांची शिंक दांडगी. पाटाच्या पाण्यात उभे असलेले बगळे उडून जायचे. शिंकेची पाटी आईकडे यायची, आई तिचे गजरे करायची, आणि ते मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि शेजारच्या मुलींना मिळायचे. एरवी मळ्यातलं फूल आमच्या केसांत येत नसे. बाजाराचा माल तो, आपल्यासाठी नाही.

मग काय होणार? आम्ही दोघी बहिणी शिंकायला शिकलो. गवताची काडी नाकात घालायची, किंवा नुसतंच "आच्छी" करायचं. शाळेत स्नेहसंमेलन असलं की आदल्या दिवसापासून आम्हाला सर्दी व्हायची. दादा लांबूनच म्हणायचे, "ठेव ती पाटी बाजूला." कधी रागावले नाहीत. पण आई कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती अडुळसा आणि मिरं घालून काढा उकळायची आणि पेला पुढे करायची. "सर्दी झालीये ना? मग प्या." काढा असा कडू, की जिभेवर संध्याकाळपर्यंत राहायचा. आम्ही तो पूर्ण प्यायचो, कारण अर्धा टाकला असता तर गजरा गेला असता.

कॉलेजात गेल्यावर माझा देव सुटला. कुणी सोडवला नाही, वाचता वाचता आपोआप सुटला. पण माझा स्वभाव असा, की जे सुटलं ते गुपचूप सोडणं मला जमत नाही. मी आईच्या सोमवारांना नावं ठेवली, आत्याच्या गुरुवारांना नावं ठेवली, चुलत्यांच्या नवसाची टिंगल केली. देवळात गेले तर चपला सांभाळत बाहेर उभी राहायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल अशी उभी राहायचे. आई म्हणायची, "नको मानूस, पन तोंड जरा बारीक ठेव." दादा काहीच म्हणायचे नाहीत. ते सकाळी देवाला फूल वाहायचे आणि माझ्या पुढ्यातला चहा थंड होतोय याची आठवण करून द्यायचे. भांडायला समोरून कुणी आलंच नाही, म्हणून माझा आवाज आणखी चढला असावा.

रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली आणि मला अंबडच्या त्या कारखान्यात काम मिळालं. अगरबत्ती, साबण, केसांचं तेल यांना लागणारे सुगंध तिथे बनत. कागदाच्या अरुंद पट्ट्या द्रावात बुडवायच्या, एकेक नाकाशी धरायची आणि काय कमी, काय जास्त ते सांगायचं. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे ते ताळ्यावर येतं. हे मला चांगलं जमू लागलं. इतकी वर्षं तोंड वळवून, लांबून येणाऱ्या वासावर वाढलेलं नाक होतं. त्याला जवळची पट्टी म्हणजे मोठ्याने बोलल्यासारखं ऐकू यायचं.

घरी काय काम करते ते सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ठिणगी पडणार. दादा विचार करून म्हणाले, "बाटलीतलंच हुंगती ना? बाटली काय देवाला जात नाय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. मी म्हणाले, "मी हुंगलेला वासच अगरबत्तीतून देवापुढे जातो, दादा."

"अगरबत्ती जळती. जळलं की सोवळं झालं," दादा म्हणाले आणि सायकलच्या चाकात हवा भरायला गेले.

असं वर्षभर सुरळीत चाललं. सकाळी मळ्यात तोंड वळवून तोडा, दहा वाजता कारखान्यात नाक पुढे करून पट्ट्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एक माझं घर होतं, दुसरं माझं काम.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाला निशिगंधाची अगरबत्ती हवी होती, आणि आमच्या बाटलीतला निशिगंध त्याला पसंत पडेना. खऱ्या फुलासारखा वाटत नाही म्हणाला. मालकांनी मला बोलावलं. सरळ माणूस होता. "तुमचा तर मळाच आहे म्हणे," ते म्हणाले. "ताजी फुलं आणा, शेजारी पट्टी ठेवा आणि आपल्यात काय कमी आहे ते शोधा. हे जमलं तर प्रयोगशाळा तुमच्याकडे देतो. नाहीतर मुंबईहून माणूस आणावा लागेल, आणि मग दोन नाकं ठेवणं मला परवडायचं नाही."

मी "आणते" म्हणून बाहेर आले. घरून फुलं आणणं शक्य नव्हतं, हे मला दारातच कळलं. म्हणून संध्याकाळी फूलबाजारात गेले आणि एका अनोळखी बाईकडून गुलछडी घेतली. ही फुलं आपल्या मळ्यातली नाहीत, आपण बांधील नाही, असा मी स्वतःशी युक्तिवाद केला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेबलावर पुडा सोडला. एक फूल उचललं. हात हनुवटीपर्यंत आला आणि थांबला.

पुन्हा उचललं, पुन्हा थांबला. मान आपोआप डावीकडे वळली. मी दार लावून घेतलं, मोठ्याने "देव नाही" असं म्हणून पाहिलं. आज हसू येतं, पण तेव्हा मला रडू आलं, संतापाने. चुलत्यांच्या नवसाला हसणारी मी, आणि एवढंसं फूल नाकाशी नेता येईना! इतकी वर्षं घरात जे बोलले ते सगळं नुसतं तोंडाचं होतं की काय, अशी शंका आली. आणि खरंच तोंडाचं असेल, तर मी नक्की कोण? देवळाबाहेर उभी राहणारी, की मान वळवणारी? दोघींपैकी एकीला हाकलून द्यावं, म्हणजे शांत वाटेल, असं मला वाटत होतं. कुणाला हाकलायचं, ते मात्र कळत नव्हतं.

मालकांना फुलं शिळी निघाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्या तुमच्याच मळ्यातली आणा."

त्या संध्याकाळी मी मळ्यात गेले ती तणतणतच. दादा पाण्याच्या मोटारीची पेटी बंद करत होते, आई गवत काढत होती. मी प्रस्तावना केली नाही.

"मला उद्या पाटीभर गुलछडी पाहिजे. हुंगायला."

आईचे हात थांबले. दादा म्हणाले, "देवाला नाय जाणार?"

"नाही. टेबलावर ठेवून हुंगणार. नोकरीचा प्रश्न आहे."

"मग बाजारातून घे की."

"घेतली होती," मी म्हणाले, आणि पुढचं बोलले तेव्हा माझा आवाज फुटला. "हुंगता आली नाहीत. हात वर जात नाही, दादा. तुम्ही हे काय करून ठेवलंय माझं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मी काहीतरी ऐकायला उभी होते. घे म्हणाले असते तर त्यांनी माझ्यासाठी नियम मोडला असं झालं असतं, आणि नाही म्हणाले असते तर मला भांडायला मिळालं असतं. त्यातलं दुसरं झालं तर मी मळ्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे मी सायकलवरून येतानाच ठरवलं होतं. दादा दोन्हीतलं काही बोलले नाहीत. "अंधार पडतोय, घरी चला," एवढंच म्हणाले.

पहाटे मी नेहमीसारखी तोड्याला गेले. न जाण्याइतकी हिंमत नव्हती. आम्ही चौघं वाफ्यांत पसरलो होतो. गणपतीमुळे बाजारात मागणी होती आणि फूल भरपूर लागलं होतं. दादांची पाटी सगळ्यात आधी भरली. निवडक, टपोऱ्या कळ्यांची. ती घेऊन ते माझ्या वाफ्याच्या तोंडाशी आले, उभे राहिले, पाटी छातीपर्यंत वर उचलली आणि शिंकले.

बगळे उडाले नाहीत. ती शिंक दादांची नव्हतीच. ती आमची होती. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवसाची, नाकात काडीही न घालता काढलेली, नुसती "आच्छी". साठीला टेकलेल्या माणसाने ती काढली होती आणि अतिशय वाईट काढली होती.

"ही बाद झाली," दादा पाटीकडे बघत म्हणाले. "देवाला नाय चालायची. तू घेऊन जा."

धाकटी बहीण हसू दाबायला खाली वाकली. आईने पदर तोंडाला लावला. मी पाटी घेतली. दादा तोवर पुढच्या वाफ्यात गेले होते, मान डावीकडे वळवून.

कारखान्यात मी दार लावलं नाही. पाटीतलं एक फूल उचललं. हात हनुवटीशी आला, थोडा रेंगाळला आणि मग वर गेला. शिंकेच्या पाटीतलं फूल होतं. ते आधीच आमचं होतं. मी ते हुंगलं. पट्टी हुंगली, बाही हुंगली, पुन्हा फूल. आमच्या बाटलीत काय कमी होतं ते दुपारपर्यंत सापडलं. प्रयोगशाळा पुढे माझ्याकडे आली आणि मुंबईचा माणूस आला नाही.

नंतर मी बराच विचार केला. देवावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्या वडिलांनी देवासमोर खोटी शिंक काढली. नियम मोडला म्हणावं तर मोडला नाही, पाळला म्हणावं तर तसाही पाळला नाही. मी असते तर चार दिवस स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं असतं. दादा त्याच सकाळी उरलेल्या पाट्या घेऊन बाजाराला गेले, आल्यावर देवाला फूल वाहिलं आणि जेवून झोपले. त्यांच्या आत दोन माणसं असतील, तर ती एकमेकांना ओळखून होती आणि एकाच खाटेवर झोपत होती. मला तसं झोपायला अजून पुरतं जमत नाही. पण दोघींपैकी एकीला हाकलायचा विचार मी तेव्हापासून सोडला. मी कामावर फुलं हुंगते, घरी हुंगत नाही. देव मानत नाही, आणि भाजीबाजारात अनोळखी बायकांवर ओरडते. माझे यजमान ओझरच्या विमानाच्या कारखान्यात आहेत, त्यांना सगळ्या गोष्टी मापात बसलेल्या लागतात. त्यांनी सुरुवातीला माझ्यातला हा पेच सोडवायचा प्रयत्न केला, नंतर नाद सोडला. मळ्यावर आता इमारती आहेत. दादाही नाहीत.

त्या दिवसाची संध्याकाळ मात्र सांगायची राहिली.

मी कामावरून घरी आले तेव्हा दादा ओट्यावर बसले होते. आई आतून पेला घेऊन आली आणि त्यांच्यापुढे धरला. अडुळशाचा उग्र दर्प माझ्यापर्यंत आला.

"हे काय?" दादा म्हणाले.

"काढा. सर्दी झालीये ना तुम्हाला?"

दादांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला घेतला. तोंड वेडंवाकडं करत ते थांबून थांबून प्यायले. अर्धा टाकला नाही. पेला खाली ठेवून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि समोरच्या वाफ्यांकडे बघत, माझ्याकडे न बघता, विचारलं, "कसा असतो गं? जवळून?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. उभा जन्म या माणसाने गुलछडीत काढला होता.

मी कामावर सांगते तसं सांगितलं. "आधी हिरवा येतो, ओल्या देठासारखा. मग लोण्यासारखा. आणि अगदी शेवटी, थोडासा, रबरासारखा."

"रबर?" दादा ताठ बसले. "माझ्या मळ्यात रबर? ते तुझ्या कंपनीच्या टेबलाचं असंल."

"फुलाचंच आहे, दादा."

त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग जरा काळजीनेच म्हणाले, "पन गोड हाय ना?"

"हाय, दादा," मी म्हणाले. "लय गोड हाय."

त्यांनी मान हलवली आणि रिकामा पेला आईच्या हातात दिला.